माझी लोखंडी नणंद

सर्व लहानथोर आप्तेष्टांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, काल सायंकाळी आमच्या घरी एका शिरस्त्राणाचे आगमन झाले असून त्याची स्थापना तूर्त फ्रिजच्या डोक्यावर करण्यात आली आहे. रंग लाल, आकार मध्यम कलिंगडाएवढा, पुढे काचेचा पडदा. दर्शनास येणाऱ्यांनी ते डोक्यात घालून पाहू नये ही नम्र विनंती. काल शेजारच्या काकूंनी घातले, आणि अंबाड्यावरून उतरवायला दोन माणसे लागली.

शिरस्त्राणामागोमाग मोटरसायकलही आली आहे, पण ती बिचारी खाली उभी आहे. दोन्ही खरेदी आमच्या चिरंजीवांची. "आई, हे घातल्याशिवाय गाडीला हात लावणार नाही," असं म्हणून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू डोकं वाचवण्याची कल्पना आमच्या घराण्यात पहिल्यांदा त्यालाच सुचली. मी कौतुक केलं. पण मनात म्हटलं, बाळा, या घरातलं पहिलं शिरस्त्राण तू जन्मायच्या आधीचं. ते कापसाचं होतं, त्याला जुन्या नऊवारीचे जांभळे काठ होते, आणि नाड्या हनुवटीखाली बांधल्या की तुझे वडील कान दुखणाऱ्या बाळासारखे दिसायचे.

दिवाळी अगदी तोंडावर आली आहे. आज सकाळी उटण्याची पुडी फोडली. वाळा, कचोरा, आंबेहळद. शेजारी वाटीत खोबरेल कोमट करून ठेवलेलं. तेवढ्यात चिरंजीवांनी खाली गाडी चालू करून बघितली आणि खिडकीतून पेट्रोलचा वास वर आला. खोबरेल, वाळा आणि पेट्रोल. हे तीन वास एकत्र आले की मी जिथे असेन तिथून उठून थेट गिरगावात जाते. वय वर्षं वीस, अंगावर शालू, हातात फराळाचा डबा. आणि पोटात एक बारीकसा खड्डा. चोरी न करता चोर झाल्यासारखं वाटतं ना, तसा.

लग्न ठरलं तेव्हा माझ्या माहेरच्यांनी अख्ख्या दादरला अभिमानाने सांगितलं होतं, "एकुलता एक मुलगा. नणंदा, जावा, काही भानगड नाही." साफ खोटं. गिरगावातल्या वाडीत माप ओलांडून आत गेले, तर जिन्याखाली एक नणंद उभी! लष्करी हिरवा रंग, लढाईतून उरलेली, भंगारात निघालेली असताना आमच्या यांनी उचलून आणलेली फटफटी. ह्यांचं नाव मी घेत नसे; मनात मात्र 'पंत' म्हणत असे, कारण विशीतसुद्धा ते चालायचे पागोटं घातल्यासारखे. इथेही पंतच म्हणते.

माझ्या सासूबाई, माई, यांना मुलीची फार हौस होती. झाला एकटा पंत. फटफटी घरात आली तेव्हा त्यांनी आठ दिवस तिच्याकडे पाठ केली. मग एका संध्याकाळी अवेळी पाऊस आला, आणि माई स्वतः गोणपाट घेऊन खाली धावल्या. "भिजेल पोर," म्हणाल्या. झालं! त्या दिवसापासून ती घरची लेक. पंत बाहेरून आले की माई आधी विचारायच्या, "ती जेवली का?" म्हणजे पेट्रोल भरलं का. शुक्रवारी हळदीकुंकू झालं की एक बोट फटफटीच्या दिव्याला. मला वाटे, आधी तिला लावतात आणि उरलं तर मला. नव्या सुनेला इतपत मत्सर क्षम्य असावा. जिभेची नसली तरी नणंदच ती. तिच्यासमोर मी पदर सावरूनच जात असे.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. पहाटे प्रभातफेऱ्या, संध्याकाळी सभा, आणि मधल्या वेळात आमच्या वाडीतला प्रत्येक माणूस दुसऱ्याला मुंबई कुणाची ते समजावून सांगत असे, जणू दुसरा ती विकायला निघाला होता. पंत परळच्या एका गिरणीत नकाशे काढायच्या खात्यात होते. सुटले की गिरगावातल्या छापखान्यातून पत्रकांचा गठ्ठा उचलायचा, फटफटीच्या मागे दोरीने बांधायचा, आणि लालबाग, परळ, पार शीवपर्यंत वाटून यायचा. सभेत बोलणं त्यांना जमत नसे. दोन माणसांपुढे उभे राहिले तरी तोतरे होत. पण गठ्ठा वेळेवर पोचवावा तर त्यांनीच. चळवळीत आपलाही खारीएवढा हात आहे असं त्यांना वाटायचं ते त्या फटफटीमुळे. मागच्या सीटवर गठ्ठा नसला तर मी, मी नसले तर गठ्ठा. पंत दोघांनाही सारख्याच काळजीने घट्ट धरायला लावत.

आमची पहिली दिवाळी आली. पहिल्या आंघोळीनंतर जोडीने माहेरी दादरला जायचं, दिवाळसणाला, हे ठरलेलं. पहाटे माईंनी घरातल्या एकेकाला पाटावर बसवून तेल लावलं. एरवी माई मुंगीलाही 'बाजूला हो' म्हणायच्या नाहीत, पण तेल लावताना त्यांचा हात कुणाचं ऐकत नसे. सासरे, अप्पा, कोर्टात शिरस्तेदार होते. मोठमोठे वकील त्यांना दबकत. तेही पाटावर डोळे मिटून लहान मुलासारखे मान हलवत बसले होते. मग मी. माईंची बोटं केसांत फिरली आणि मला माझी आई आठवून रडू आलं, ते मी तेल डोळ्यांत गेलं म्हणून खपवलं.

शालू नेसून डबा घेऊन खाली आले, तर चौकात नणंदबाई उभ्या. न्हालेल्या! गळ्यात झेंडूची माळ, दिव्यावर कुंकू, आणि अंग इतकं तुकतुकीत की मला माझ्या शालूची लाज वाटली. चाकंसुद्धा काळीभोर, नुकतीच पावसातून आल्यासारखी.

"माई, हिचीसुद्धा पहिली आंघोळ?"

"मग? सणाच्या दिवशी लेकीला पारोसं ठेवायचं?" माई म्हणाल्या, आणि जाता जाता माळ सारखी केली.

वाडीची गल्ली सरळ. आम्ही बैलगाडीच्या चालीने निघालो. मी साडीमुळे एका बाजूला पाय सोडून, एका हाताने डबा, एका हाताने पंत. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळायचं, समोर ट्रामचे रूळ, आणि रस्त्यावरून प्रभातफेरी येत होती. पंतांनी गाडी वळणात जराशी कलती केली मात्र, नणंदबाईंनी पायच काढून घेतला.

आम्ही पडलो असं म्हणवत नाही. आम्हाला कुणीतरी अलगद उचलून रस्त्यावर ठेवलं. फक्त ठेवणाऱ्याचा हात खरखरीत होता. फेरीच्या पुढचे लोक "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" एवढं म्हणून आमच्याकडे पाहत थबकले. मागच्यांना काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी खणखणीत आवाजात "झालाच पाहिजे!" म्हणून आमच्या पडण्याला पाठिंबा दिला. डबा उघडला होता. चकल्या रुळांवरून घरंगळत चर्नी रोडच्या दिशेने निघाल्या. एक गृहस्थ हातातला झेंडा काखेत मारून करंज्या गोळा करत म्हणाले, "वहिनी, पदर चाकातून सोडवा आधी, फराळ आम्ही बघतो." बघितला. त्यातल्या बऱ्याचशा मला पुन्हा दिसल्या नाहीत.

पंतांचं कोपर आणि गुडघा सोलवटला होता. माझं मनगट लचकलं, शालूचा पदर फाटला. फटफटीचा पाय ठेवायचा दांडा वाकला, क्लचची मूठ मुडपली. एवढंच. पण माई निरोप द्यायला गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या होत्या आणि त्यांनी सगळं पाहिलं. त्या धावल्या. मला वाटलं माझ्याकडे, नाहीतर लेकाकडे. त्या गेल्या थेट चाकाकडे! कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, आणि ते पदराला पुसलं. मी रस्त्यात बसल्या बसल्या मनात म्हटलं, वा! सून पडली, मुलगा पडला, आणि चौकशी लेकीची.

त्याच दुपारी अप्पांनी आरामखुर्चीत बसून रीतसर सुनावणी घेतली. पंतांना विचारलं, "वेग किती होता?"

"अप्पा, वेग नव्हताच."

"वेग नव्हता, तर पडलात कसे? नोंद घ्या, आरोपी विसंगत बोलतो."

शेवटी ट्रामचे रूळ दोषी ठरले आणि रूळ हजर नसल्यामुळे काम तहकूब झालं. सगळे हसले. माई हसल्या नाहीत. त्या आत जाऊन भांडी घासायला लागल्या. भांडी घासलेलीच होती.

आणि मग तो हिवाळा सुरू झाला. आमच्या आयुष्यातला सगळ्यात गोड आणि सगळ्यात अवघडलेला. रुळांवर दोष ठेवून खटला मिटवला तरी प्रत्येकाला आतून वाटत होतं, हे माझ्यामुळे झालं. पंतांना वाटे, ब्रेक जरा सैल लागत होता, सणानंतर बघू म्हणून मी सोडला. मला वाटे, 'वळणावर माझ्याबरोबर झुकायचं' असं पंतांनी शिकवलेलं असताना मी घाबरून उलटी कलले. अप्पांचं तर वेगळंच. आदल्या संध्याकाळी शेव खाता खाता ते बोलून गेले होते, "एकदा आपटेल तोंडावर, तेव्हा उतरेल हे खूळ." सणासुदीला तोंडातून असं गेलं, म्हणून त्यांनी गुपचूप तपकीर सोडली. तपकीर सोडलेला माणूस किती शिंकतो ते ज्याने पाहिलं नाही, त्याने काहीच पाहिलं नाही. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा दिसत होतं ते इतकंच, की घरात जो तो दुसऱ्याशी फारच चांगला वागतो आहे. आमच्या माणसांना 'चुकलो' म्हणायला जमत नाही. ती ताटात जास्तीचं वाढतात. पंत माझ्या मनगटाला हळदीचा लेप लावायचे, मी त्यांच्या सदऱ्यांना इस्त्री करायचे, अप्पा दोघांना बोलावून बळेच बदाम द्यायचे. इतक्या गोडाने माझं वजन वाढलं.

रविवारी चौकात दुरुस्ती चाले. साखळी धुवायला रॉकेल कशात ओतायचं? माईंनी पुरणाची परात आणून दिली. पुरणाची! मी चकित झाले, पंत तर घाबरलेच. वाकलेल्या दांड्यात नळाचा तुकडा अडकवून पंत त्याला सरळ करायचे. लोखंड कुरकुरायचं आणि तेही दातओठ खायचे. क्लचची मूठ बदलली. ब्रेकचे जोडे काढून कानशीने खरवडून पुन्हा बसवले. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघायला सुतळी ताणायची. मागचं टोक माझ्या हातात, पुढचं त्यांच्या. एवढा वेळ आम्ही एकमेकांकडे पाहत एरवी कधी बसलो नव्हतो. वाडीतली माणसं येता-जाता थांबून न मागितलेला सल्ला द्यायची. पंत सगळ्यांना "हो, हो" म्हणत आणि त्याच जागी चौथ्यांदा तोच नट आवळत. गाडीत दोष सापडत नव्हता. दोष सापडला असता तर बरं झालं असतं. न सापडलेला दोष माणूस स्वतःच्या खिशात घालून फिरतो.

दुपारी पंत कामावर गेले की माई जिन्याखाली बसून चाकं घासायच्या. काथ्याने, आणि शिकेकाईने! "माई, रबराला शिकेकाई?" मी विचारलं. "केसांना चालते तर हिला का नाही?" म्हणाल्या, आणि मान वर न करता घासत राहिल्या. मी वर येऊन नळावर हसत सुटले. हसायला नको होतं.

चाकं झाली की शिवण. माईंनी जुनी गादी उसवली आणि त्या कापसाची एकामागून एक चिलखतं निघू लागली. कोपरांना, गुडघ्यांना, खांद्यांना. मग ते जांभळ्या काठांचं शिरस्त्राण. टाके इतके जवळ जवळ की सुईला जागा उरू नये. मला वाटायचं, काय हे मुलाचं वेड! आज कळतं, त्या गादीतला कापूस निमित्त होता. भरत होत्या त्या दुसरंच काही. अप्पांनी माळ्यावरून आपले तरुणपणचे क्रिकेटचे पॅड काढून दिले, आणि पडीक जाळीच्या कपाटाची जाळी कापून पंतांनी माझ्या पदरासाठी मागच्या चाकाला कुंपण केलं.

हे सगळं लेवून पंत पहिल्यांदा गाडीवर बसले तेव्हा सारी वाडी गॅलऱ्यांत जमली. गादी खेळायला निघाल्यासारखी दिसत होती. पण पंत शहाणे. आईने शिवलंय म्हटल्यावर ते काढलं नाही. तसेच गठ्ठा घेऊन लालबागला गेले. तिथे नाक्यावर गिरणीतला एक मालवणी मित्र ओरडला, "अरे मेल्या, लाठी खावची एवढी तयारी? आमका पण शिवून दी रे चार!" लोक हसले, पण त्या हसण्यात आदर होता. लाठ्या खऱ्याच चालत होत्या ना तेव्हा.

पंत सुखरूप परत आले. रोज येऊ लागले. पण ते बाहेर पडले की माई पायरीवर बसत, आणि फटफटीचा आवाज गल्लीत ऐकू येईपर्यंत अन्नाला शिवत नसत. गठ्ठा शीवला गेला की जेवण थंड. महिना झाला, दीड झाला. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. अप्पांनी एका सकाळी शिंकता शिंकता निकाल दिला.

"श्रीधर, तुझी आई झिजते आहे. गाडी विकायची."

पंत काहीतरी बोलायला गेले आणि त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवसापासून गठ्ठा खांद्यावर मारून ट्रामने निघाले. शीवला पोचेपर्यंत सभा संपलेली असे. घरी येऊन चिलखतं नीट घडी करून ठेवत, जणू कुणी वारलं होतं. मला आश्चर्य वाटलं ते माईंचं. गाडी विकणार म्हटल्यावर त्यांना हायसं वाटायला हवं. त्या आणखी वाळल्या.

इथे जरा थांबून सांगते, म्हणजे तुम्ही माझ्यासारखे हुरहुरत बसणार नाही. गाडी विकली गेली नाही. मुंबईसह महाराष्ट्र मिळाला त्या दिवशी पंत तिच्यावरूनच शिवाजी पार्कला गेले, मागे मी, आणि जागा नव्हती तरी मध्ये गठ्ठ्यासारख्या घट्ट धरून माई. जांभळ्या काठांचं शिरस्त्राण त्या दिवशी माईंच्या डोक्यावर होतं. पुढे फटफटी म्हातारी झाली, मग माई झाल्या. आणि दोघी एकाच पावसाळ्यात, पाठोपाठ, आम्हाला सोडून गेल्या. माईंचा हात केसांत फिरल्याशिवाय दिवाळी झाली असं मला अजून वाटत नाही. त्या हिवाळ्यात माईंनी मनातलं एक अक्षरही बाहेर काढलं नाही. आणि आम्ही तरी कुठे विचारलं? ज्याच्या त्याच्या मनातली आपापली चूक इतकी मोठी होती, की शेजारच्या माणसाच्या मनात काय आहे हे बघायला आम्हाला वळून पाहता आलं नाही. मला अजूनही खड्डा पडतो तो त्याचा. मी उलटी कलले त्याचा नाही.

तर, संक्रांतीचा दिवस. गिऱ्हाईक म्हणून लालबागचे परबशेट आले. मसाला कुटायच्या गिरणीचे मालक. माणूस दारात यायच्या आधी गरम मसाल्याचा वास यायचा. त्यांच्या वासाने अप्पा शिंकले, अप्पांच्या शिंकेने परबशेट दचकले, आणि बोलणी सुरू झाली.

"गाडी बघूक इलंय. खंय आसा?" मग फटफटीभोवती फिरून, चाकाशी वाकून, "पडलेली ना ही? कित्याक पडली?"

"माझा ब्रेक सैल होता," पंत म्हणाले.

"छे हो, मी मागे चुकीची बसले," मी म्हटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"दोघंही गप्प बसा," अप्पा गरजले. "अशुभ मी बोललो होतो. नोंद घ्या."

आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. परबशेटांनी डोकं खाजवलं. "पडली एकदाच ना? मग पाडणारी माणसा तीन कशी?"

तेवढ्यात माई बाहेर आल्या. हातात ताट. सासरी निघालेल्या मुलीची भरतात तशी त्यांनी फटफटीची ओटी भरली: मागच्या सीटवर खण, नारळ, तांदूळ. दिव्याला कुंकू लावलं. परबशेटांच्या हातावर तिळगूळ ठेवला. तो भला माणूस दोन्ही हात पुढे करून उभा राहिला, जणू खरंच कुणाची लेक नेत होता. माईंनी खाली बघत एकेक सांगायला सुरुवात केली. थंडीत ती पटकन उठत नाही, दमाने घ्या. पावसात झाकून ठेवा. कुणासमोर रागावू नका तिला, मानी आहे. मग वाकून त्यांनी पुढच्या चाकावरून बोट फिरवलं, त्या दिवशीसारखंच, बोटाकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावायच्या आत त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"आणि दिवाळीला काही झालं तरी हिच्या चाकांना तेल चोळू नका हो परबशेट... मी चोळलं होतं!"